आईच्या ठेवीचे अठरा लाख: पाटी कुणाची, तपासणी कुणाची, बुडाले तर भरून देणार कोण?

पोवईनाका
मंडळी, घरात चार दिवस एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, आता ६७ वर्षांची. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवीची मुदत या महिन्यात संपते आणि अठरा लाख हातात येतात. आमच्याकडे वीस वर्षं पिग्मी गोळा करायला येणारे काका आहेत. घरच्यासारखेच. ते म्हणतात, आमच्या पतसंस्थेत ठेवा, व्याज दोन टक्के जास्त. मामांचं मत अर्बन बँक, म्हणजे शहरी सहकारी बँक. दाजी म्हणतात, काळ बदललाय, शेअर बाजारात लावा.

मला दोन टक्क्यांपेक्षा वेगळाच प्रश्न पडलाय. या तिन्ही ठिकाणच्या पाट्यांवर 'नोंदणीकृत' लिहिलेलं आहे. कुणाकडे नोंदणी? हिशेब कोण तपासतं? आणि उद्या शटर खाली आलं तर आईने कुणाच्या दारात उभं राहायचं? सातारा-सांगलीत हा प्रश्न घराघरात आहे. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कंदीपेढा
पहिला नंबर माझा. खुर्ची टाकून बसलोय, चहा कोण आणतंय?

अजिंक्यतारा७२
पोवईनाका, एवढा विचार कशाला? बँका सगळ्या रिझर्व्ह बँकेच्या, शेअर बाजार सगळा सेबी या नियामक संस्थेचा. सरकार पैसे बुडू देत नाही.

मेधा_वाई
अजिंक्यतारा, असं लिहू नका हो, लोक वाचून पैसे ठेवतात. मी सनदी लेखापाल आहे आणि लेखापरीक्षणासाठी वर्षातले सहा महिने अशाच संस्थांच्या दप्तरात डोकं घालून बसते. क्रमाने सांगते.

बँक म्हणजे १९४९ च्या बँकिंग विनियमन कायद्याखाली रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली संस्था. व्यापारी बँका पहिल्यापासून त्यात होत्या. सहकारी बँकांना हा कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला. परवाना, रोकड, कर्जाचे नियम रिझर्व्ह बँकेकडे. संस्थेची नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ राज्याच्या सहकार निबंधकांकडे. असा दुहेरी अंमल. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात बराच वर आला. संचालक मंडळ बरखास्त करायचं तर आधी ती निबंधकांना कळवायची. आता राज्य सरकारशी सल्लामसलत करून स्वतः करू शकते.

पतसंस्था ही बँक नव्हे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची ती संस्था. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही आणि ठेव विमाही नाही. विम्याचं कुणी पिग्मी एजंट सांगणार नाही. तो लबाड असतो म्हणून नव्हे, बहुतेकदा त्यालाच ते माहीत नसतं.

पोवईनाका
मेधाताई, हेच मला कुणी सांगत नव्हतं. पण काउंटर तसाच, पासबुक तसंच, ठेवपावती तशीच. मग कायद्याने पतसंस्था बाहेर का ठेवल्या?

गावभागकर
मी सांगतो. सांगलीत बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, आता ७३ चालू आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'बँकिंग' केंद्राच्या यादीत आहे आणि 'सहकारी संस्था' राज्याच्या यादीत. सहकारी बँक या दोहोंवर पाय ठेवून उभी. पतसंस्था फक्त आपल्या सभासदांशी व्यवहार करते असं गृहीत धरलेलं, म्हणून ती राज्याकडे राहिली. कागदावर ते पटतंही. प्रत्यक्षात काउंटरवर येणाऱ्याला नाममात्र सभासद करून घ्यायचं आणि ठेव घ्यायची ही पद्धत पडली, तिथे ती बँकेसारखी दिसू लागली. 'बँक' हा शब्द नावात वापरायची पतसंस्थांना मनाई आहे. आपल्याकडे म्हणताना मात्र सगळे 'आमची बँक'च म्हणतात.

ठेव विम्याची गोष्टही ऐकून ठेवा. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. मर्यादा किती? दीड हजार रुपये! वाढत वाढत १९९३ साली एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकून राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हप्ता बँक भरते, ठेवीदाराच्या खिशातून काही जात नाही.

सहकारी_पाऊल
कऱ्हाडच्या एका अर्बन बँकेत शाखा अधिकारी आहे. चर्चा 'सहकार म्हणजे बुडवाबुडवी' या दिशेला जाऊ नये म्हणून लिहितोय.

भाजीवाली मावशी, रसवंतीवाला, फॅब्रिकेशनचं छोटं शेड टाकणारा पोरगा, यांना दोन लाख कोण देतं? मोठ्या बँकेचं कर्ज मुंबईतला संगणक मंजूर करतो. आम्ही माणूस ओळखून देतो आणि आमची वसुली चांगली आहे. मेधाताई म्हणतात तो रिझर्व्ह बँकेचा हात आमच्या खांद्यावर किती जड आहे ते आतून बघा. भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल), थकीत कर्जाची तरतूद, सायबर सुरक्षा, सगळे नियम पाळायचे. माझ्या शाखेत नऊ माणसं आहेत. त्यातली दोन दिवसभर फक्त विवरणपत्रं भरतात.

मेधा_वाई
दादा, तुमचं दुखणं खरं आहे. म्हणूनच २०२२ पासून अर्बन बँकांचे ठेवींच्या आकाराप्रमाणे चार स्तर केले आणि लहान बँकेला नियम थोडे हलके ठेवले. पण एक सांगा, २००३ पासून संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायची बंदी आली, ती नसती तर आज तुमची बँक इतकी नीट असती का?

सहकारी_पाऊल
नसती. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो नियम आला तेव्हा शाखेतले जुने लोक खूश झाले होते, कारण 'नाही' म्हणायला कागद मिळाला.

विटा_एक्सप्रेस
सगळे बँकेवरच बोलताय. दाजींचा मुद्दा कुणीच घेतला नाही. बाजारात पारदर्शक आहे सगळं. शेअर माझ्या डिमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात, सौदा झाला की दुसऱ्या दिवशी खात्यात. संचालक नाही, एजंट नाही.

गावभागकर
बाळा, हे आज पारदर्शक दिसतंय ते १९९२ ला पोळल्यामुळे. बाजारावर आधीपासून १९५६ चा रोखे करार कायदा होता आणि भांडवल उभारणीवर सरकारचा नियंत्रक. सेबी १९८८ ला स्थापन झाली खरी, पण तिच्या हातात कायद्याची काठी नव्हती. ती १९९२ च्या जानेवारीत वटहुकुमाने आली आणि एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं. त्यात बँकांचा पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात गेला होता. सरकारी रोख्यांच्या खरेदीविक्रीत रोखे हातात न देता बँक नुसती पावती द्यायची. त्या पावतीमागे रोखे आहेत की नाहीत हे कुणी पडताळतच नव्हतं. म्हणजे पैसा बँकेचा, खेळ बाजारातला. रिझर्व्ह बँकेच्या नजरेतून इकडे निसटलेला आणि सेबीचा हात अजून तिकडे पोहोचलेला नाही.

त्यानंतर १९९४ ला राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर सौदे सुरू झाले, १९९६ ला शेअर इलेक्ट्रॉनिक नोंदीत सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीचा कायदा आला, कागदी सर्टिफिकेटं गेली. 'दुसऱ्या दिवशी खात्यात' हे तर सगळ्या शेअरना २०२३ च्या जानेवारीपासून.

माणदेशी_मेंढका
गावभागकर आबा, लई भारी सांगताय. आमच्या आटपाडीकडं शेअर म्हंजी कारखान्याचा शेअर. त्यो घेतला की साखर मिळती.

विटा_एक्सप्रेस
मान्य आबा. पण आता सेबी उलट लहान माणसालाच बाहेर काढते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ऑप्शन सौद्यांचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा किमान आकार, मोठा केला, आठवड्याला मुदत संपणारी एक्सपायरी प्रत्येक बाजाराला एकच ठेवली. पन्नास हजारवाल्याने काय करायचं?

मेधा_वाई
किती गेले तुमचे? रागावू नका, विचारतेय कारण माझ्याकडे आयकर विवरणपत्र भरायला येणाऱ्या पोरांचे आकडे मी बघते.

विटा_एक्सप्रेस
एक लाख चाळीस हजार. घरी माहीत नाही.

मेधा_वाई
लिहिलंत, बरं केलंत. तुम्ही एकटे नाही. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन, म्हणजे वायद्याचे सौदे, करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे नियम त्या आकड्यांवरून आलेत. आता दोन गोष्टी करा. एक, घरी सांगा, आईला आधी सांगा. दोन, टेलिग्राम ग्रुपवरून टिपा घेत असाल तर त्याच्या चालकाचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. सेबीच्या संकेतस्थळावर नाव शोधून ताळा करा. क्रमांक मागितल्यावर ग्रुपमधून काढून टाकलं तर तेच उत्तर समजा.

विटा_एक्सप्रेस
मागितला. तासाभरात काढून टाकलं.

कंदीपेढा
विटा_एक्सप्रेस, तासाभरात सुटलास! साताऱ्याला ये, पेढे माझ्याकडून.

पेवकरी
अवांतर वाटेल, पण आमच्या सांगलीच्या हळदीचं यात काहीतरी आहे. हरिपूरला जमिनीखाली पेवं, म्हणजे साठवणीची खोल कोठारं, होती, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. व्यापारी पावती घ्यायचा आणि ती पावतीच हातोहात फिरायची. आजोबा सांगायचे, पेव न उघडता माल पाच हात बदलायचा. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. सांगलीत तर हळदीच्या वायद्यांचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, वेगळा बाजारही होता, मान्यताप्राप्त. त्याच्यावर देखरेख ना रिझर्व्ह बँकेची, ना सेबीची. १९५३ पासून वायदे बाजार आयोग होता, त्याची.

२०१३ साली मुंबईच्या एका हजर माल बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचा नव्हे तर लगेच माल देण्याघेण्याचा सौदा असतो तिथे, साडेपाच हजार कोटींच्या आसपास अडकले. गोदामात माल आहे म्हणून लोकांनी पैसे लावले, माल नव्हताच. तो बाजार 'हजर' म्हणवून घ्यायचा म्हणून आयोगाचा पूर्ण हात नाही, आणि सेबीचा तर संबंधच नाही. शेवटी २८ सप्टेंबर २०१५ ला आयोग सेबीत विलीन केला. आता हळदीचा वायदा आणि कंपनीचा शेअर, दोन्हीवर सेबीच.

पेवाची पावती चालायची कारण पेव कुणाचं आणि आत काय, हे गावाला ठाऊक होतं. मुंबईत बसून सही करणाऱ्याला गोदाम कुठं आहे हेही माहीत नव्हतं.

अजिंक्यतारा७२
पेवकरी, सुंदर प्रतिसाद. माझं पहिलं विधान मागे घेतो. पण तुमच्या उदाहरणावरूनच म्हणतो, एकच नियामक का नको? बँक, बाजार, विमा, पतसंस्था, सगळ्यांवर एक. कोणतीही फट राहणार नाही.

गावभागकर
विचार नवा नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या आयोगाने २०१३ च्या अहवालात त्याच अंगाने सुचवलं होतं: बँका आणि चलन रिझर्व्ह बँकेकडे, बाकी बाजार, विमा, निवृत्तिवेतन एका संस्थेकडे. झालं नाही. ब्रिटनने तर बँकांसकट सगळं एका छताखाली आणलं होतं. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या आणि २०१३ साली त्यांनी ते छत मोडून दोन संस्था केल्या. बँक सुस्थितीत आहे का हे बघणारा वेगळा, गिऱ्हाइकाशी नीट वागते का हे बघणारा वेगळा. दोन्ही कामं एकाच्या अंगावर टाकली की एक मागे पडतं, असं मला नोकरीतल्या अनुभवावरूनही वाटतं.

द्राक्षवेल
तासगावहून लिहितेय. दोन दिवस वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं.

बाबांनी द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या पैशातून साडेसहा लाख एका पतसंस्थेत ठेवले होते. नाव लिहीत नाही, अवसायनात आहे, म्हणजे ती गुंडाळण्याचं काम चालू आहे. आधी 'दिवाळीनंतर या' म्हणाले, मग 'वसुली चालू आहे', मग कुलूप. बाबा दर सोमवारी एसटीने सहकार खात्याच्या कार्यालयात जायचे. पिशवीत पावत्यांची फाइल. तिथे त्यांना कलमं पाठ झाली. कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती, कर्जदारांवर कलम १०१ चे वसुली दाखले. सगळं झालं. दाखले निघाले, वसुली निघाली नाही, कारण ज्या जमिनी तारण होत्या त्यांच्या किमती कागदावरच होत्या. बाबा गेले. आजवर मिळाले एक लाख दहा हजार.

मला कळत नाही की विमा बँकेतल्या ठेवीला आहे, मग शेजारच्या दुकानातल्या ठेवीला का नाही? पैसा तर एकाच बागेतला होता.

मेधा_वाई
द्राक्षवेलताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला मला समाधान होईल असं उत्तर नाही. विमा द्यायचा तर तपासणीही विमा देणाऱ्याच्या भरवशाची हवी. ती तपासणी आज राज्याकडे आहे आणि निरीक्षक कमी पडतात, हे मी डोळ्यांनी बघते.

एक रस्ता तपासून बघा. १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात पोलिसांकडे गुन्हा नोंदला की सक्षम प्राधिकारी संचालकांच्या मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत विकू शकतो. तुमच्या संस्थेवर असा गुन्हा नोंद असेल तर ठेवीदारांच्या यादीत बाबांचं नाव आणि वारस म्हणून तुमचं नाव आहे ना, हे सक्षम प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. अर्जाची पोच घ्याच.

द्राक्षवेल
गुन्हा नोंद आहे. यादीत नाव आहे का हे कधी विचारलंच नाही. सोमवारी जाते.

माणदेशी_मेंढका
ताई, मन जड झालं. आमच्याकडं कडकनाथ कोंबडीचं तसंच झालं. इस्लामपूरकडची ती योजना, २०१९ ला फुटली. पक्षी द्यायचे, अंडी परत घिऊ म्हणायचे. माझ्या मेव्हण्यानं शेड मारलं. कोंबड्या राहिल्या, घेणारा पळाला. ती ना बँक, ना शेअर. कुणाकडं जायचं त्येलाच म्हैना गेला.

सहकारी_पाऊल
मेंढकेबुवा, त्यासाठीच २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा केला. कुठल्याही नियामकाकडे नोंद नसलेली ठेव घेणं हाच गुन्हा. फक्त कोंबडी, झाडं, गाई दाखवून घेतलेला पैसा 'ठेव' ठरतो की 'व्यापार', इथे वकील खेळतात. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे तक्रार टाकली तर ती ज्याची त्याच्याकडे जाते. पैसे लावायच्या आधीही विचारता येतं.

अजिंक्यतारा७२
एक शंका. आपल्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आणि सांगलीची सांगली बँक, दोन्ही जुन्या. त्या तर रिझर्व्ह बँकेच्याच कक्षेत होत्या. मग त्या का गेल्या?

गावभागकर
गेल्या म्हणजे बुडाल्या नाहीत, हा फरक महत्त्वाचा. युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. २ सप्टेंबर २००६ ला तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली, आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांना पूर्ण संरक्षण मिळालं. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये देऊन मोकळं केलं. सांगली बँक १९१६ ची, ती एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. पाट्या बदलल्या तेव्हा आमच्या गावभागात लोक हळहळले. गावाची बँक गेली याचं मलाही दुःख आहे, आजही. पण एकाही म्हातारीची ठेव अडकून राहिली नाही. द्राक्षवेलच्या वडिलांच्या वाट्याला जे आलं ते आणि हे शेजारी ठेवून बघा.

आणि पोवईनाका, यातच तुमच्या दाजींचंही उत्तर आहे. त्याच बँकेत एकाची ठेव होती आणि दुसऱ्याचा शेअर. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहावा हे रिझर्व्ह बँकेचं काम. भागधारकाला खरी माहिती वेळेत मिळावी हे सेबीचं काम. शेअरचा भाव वाचवणं हे कुणाचंच काम नाही.

पोवईनाका
आबा, हे वाक्य मी दाजींना जसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हणाले, 'माझे लावीन, आईंचे नको.'

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अर्बन बँकेत अठराच्या अठरा लाख ठेवले तर?

मेधा_वाई
नको. पाच लाखांची मर्यादा एका ठेवीदाराला, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, आणि मुद्दल अधिक व्याज धरून. पाच लाखांची पावती केली तर व्याज उघड्यावर. साडेचारच्या आसपास ठेवा. आई एकटी, आई आणि तुम्ही, तुम्ही आणि आई, अशा नावांच्या वेगळ्या क्रमाची संयुक्त खाती वेगवेगळी धरली जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद आहे. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ही तरतूद नव्हती. सुरुवातीला फक्त हजार रुपये काढू देत होते.

सहकारी_पाऊल
आणि आमच्याकडे आलात तर वार्षिक अहवाल मागा. भांडवल पर्याप्तता आणि निव्वळ थकीत कर्ज (तरतूद वजा जाता उरलेलं), दोन आकडे बघा. अधिकारी अहवाल द्यायला कुरकुरला तर उठून या. मी माझ्या टेबलावर प्रती ठेवतो.

गावभागकर
६७ वय आहे ना? टपाल कार्यालयात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतच ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. मर्यादा ३० लाखांची, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला हातात. ती थेट सरकारची देणी आहे. माझे स्वतःचे तिथेच आहेत.

पोवईनाका
काल आई, मामा आणि मी बसलो. हा सगळा धागा आईने चष्मा लावून वाचला. द्राक्षवेलताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग वहीत स्वतःच रकाने पाडले, शाळेत पाडायची तसे: 'पैसा कुठे', 'तपासतो कोण', 'बुडाल्यास देणार कोण'. बारा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. साडेचार मामांच्या अर्बन बँकेत, अहवाल बघूनच. तो त्यांनी लगेच दिला. दीड लाख बचत खात्यात.

संध्याकाळी पिग्मीवाले काका आले. आईने त्यांना चहा दिला आणि तिसरा रकाना दाखवला. काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'बाई, माझे स्वतःचे नऊ लाख आहेत तिथं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.' रोजची पन्नास रुपयांची पिग्मी आईने चालू ठेवलीय, त्यांच्यासाठी. काका उद्या मुलाला घेऊन येणार आहेत, वही उतरवून घ्यायला.

द्राक्षवेल
आज गेले होते. यादीत बाबांचं नाव आहे, रक्कम मात्र साडेसहाऐवजी साडेपाच लिहिली आहे. एका पावतीची नोंदच नाही. मूळ पावती माझ्याकडे आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला, पोच घेतली. मेधाताई, वारसदाखला आत्ताच जोडायचा की सुनावणीच्या वेळी?

मेधा_वाई
आत्ताच जोडा. साक्षांकित प्रत द्या, मूळ स्वतःकडे ठेवा. पावतीचंही तसंच.